शहाण्णव गठ्ठे आणि एक वाकळ

॥ श्री ॥

मु. आंबेखोल, साखळीच्या पुढे
शनिवार, दि. १८ ऑगस्ट १९८४

सन्माननीय श्री. रामचंद्र भाऊजी यांस, मेहुणा सगुण याचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. तिकडचंही ठीक असेल असं धरून चालतो, कारण काही बिनसलं असतं तर ताईचं पोस्टकार्ड केव्हाच आलं असतं. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? (मागच्या पत्रात मी चुकून डावा लिहिला, म्हणून तुम्ही दोन दिवस माझं नाव काढू दिलं नाहीत असं ताई म्हणाली. या वेळी तिला विचारून लिहितो आहे.) पेडण्याला बदली झाल्यापासून तुमची तब्येत सुधारली हे ऐकून बरं वाटलं. घरचा भात, घरचे नारळ आणि कचेरी चालत पाच मिनिटांवर, मग सुधारायला तिला हरकत कसली? माझी प्रकृती उत्तम. माझी खोली पोदेराच्या भट्टीला लागून असल्यामुळे पहाटे पावाच्या वासानं जाग येते आणि पावसाळ्यातसुद्धा भिंत उबदार राहते, सबब सर्दी नाही. वजन थोडं वाढलं आहे, पण त्यालाही पोदेरच जबाबदार आहे.

मे महिन्यात पंचायतींचे तपासणी अधिकारी म्हणून तुम्ही आमच्या पंचायतीला दिलेलं 'आदर्श अभिलेख कक्ष' हे प्रशस्तिपत्र मी फ्रेम करून माझ्या बसायच्या कदेलीच्या पाठीमागे भिंतीवर लावलं. कोणी आत आला की त्याची नजर आधी माझ्यावर पडते, मग प्रशस्तिपत्रावर, आणि मग पुन्हा माझ्यावर, या वेळी जरा आदरानं. तीन महिने हे सुख मी रोज दहा ते साडेपाच घेतलं. पण भाऊजी, तुम्ही पाहिलंत ते शेवटचं पान. त्याआधीची पानं तुम्हाला सांगावीत असं गेले चार दिवस मनात घोळतं आहे, आणि आज पंचायतीत वीज नसल्यामुळे सवडही मिळाली आहे. (माझ्या कुठल्याच कामाला वीज लागत नाही हे मला माहीत आहे. पण वीज नसली की लोक येत नाहीत.)

गेल्या दिवाळीनंतर मी इथं सेक्रेटरी म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्याच दिवशी मागची दप्तरखोली पाहिली आणि दारातच थांबलो. तीन मोठ्या मांडण्या, त्यांवर शहाण्णव गठ्ठे, आणि गठ्ठे बांधलेले कशात, तर लुगड्यांत. जुन्या लुगड्यांचे तुकडे. कुठं डाळिंबी, कुठं निळ्या काठाचं, कुठं चौकड्याचं, एक पिवळ्या फुलांचं परकराचं कापड, आणि एका गठ्ठ्याला तर कुणाचा तरी सदरा बटणांसकट गुंडाळलेला. हे सरकारी दप्तर आहे असं वाटेना, कुणाच्या तरी परसात धुणं वाळत घातलंय असं वाटत होतं. नंबर नाही, साल नाही, विषय नाही. गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या पंचायतीपासूनचे सगळे कागद त्यांत, आणि त्याआधीच्या, पोर्तुगीजांनी नेमलेल्या रेजिदोराच्या अमदानीतलेही चार फाटके. आमचा शिपाई भिकाजी (वय अठ्ठावन्नच्या आतलं, आणि गेली बरीच वर्षं तो ते आतच ठेवून आहे) याला कुठलाही कागद मागितला की तो त्या खोलीत जाई, विडी अर्धी व्हायच्या आत बाहेर येई आणि तो कागद असलेला गठ्ठा माझ्या मेजावर ठेवी. मला वाटे, नशीबवान माणूस आहे.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. लोणच्याच्या बरण्यांवर मी एकदा क्रमांक घातले होते आणि जेवताना 'तीन नंबरचं वाढ' म्हणालो होतो, त्यावर ताई काय बोलली ते तुम्ही स्वतः ऐकलं आहे. अशा माणसाच्या हातात एप्रिलमध्ये तुमच्या सहीचं परिपत्रक पडलं: अभिलेख वर्गीकरण सप्ताह पाळावा, सर्व दप्तर एकसारख्या वेष्टनात बांधून क्रमांकित करावं, मे महिन्यात तपासणी होईल. 'एकसारख्या वेष्टनात' हे दोन शब्द वाचून मला जो आनंद झाला तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. पुढच्याच शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो आणि लाल खारव्याचा अख्खा तागा घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, देवळासाठी की निवडणुकीसाठी? मी दप्तरासाठी म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. येताना बसमध्ये तागा मांडीवर घेऊन बसलो होतो, तर शेजारच्या म्हातारीनं कुठल्या देवाचं म्हणून विचारत हात जोडले. मी म्हटलं, पंचायतीचं. तिनं हात तसेच जोडून ठेवले.

मग तीन दिवस काम चाललं. मांडणीवरचा पहिला गठ्ठा उतरवायचा, लुगडं सोडायचं, कागद लाल फडक्यात बांधायचे, वर पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात क्रमांक, आणि सोडलेलं लुगडं दारापाशी ढिगावर. एक ते शहाण्णव. कुठल्या गठ्ठ्यात काय आहे याची यादी नंतर सावकाश करू, असं मी ठरवलं. ('नंतर सावकाश' हे शब्द माझे, तुमच्या परिपत्रकात नव्हते, हे कबूल. पण 'यादी' हा शब्दही परिपत्रकात नव्हता, एवढं नम्रपणे नजरेस आणतो.) हे तीनही दिवस भिकाजी दारात उभा होता. एकदाच त्यानं विचारलं, "सेक्रेटरीबाब, फडकीं उडोवंक जाय?" मी म्हटलं, टाकायलाच हवीत. तो थोड्या वेळानं म्हणाला की मग बायको घेऊन जाईल, तिला उपयोगी पडतील. त्याची बायको शेवंती महिला मंडळाच्या बायकांना वाकळी शिवायला शिकवते. मी उदार अंतःकरणानं परवानगी दिली, आणि वर उपदेशही केला की टाकाऊतून टिकाऊ करणं हीच खरी देशसेवा.

तपासणीचा दिवस तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडी आठवण देतो, कारण तुम्ही सरपंचांकडून जेवून आला होता. इसवण माशाची कढी होती, तिसऱ्या होत्या, आणि मानकुराद आंबे किती होते ते लिहीत नाही, कारण हे पत्र ताईही वाचणार. (आपलं नातं तपासणीच्या आड आलं असं कुणी म्हणू शकणार नाही. आड आले ते आंबे.) दप्तरखोलीच्या उंबऱ्यावर उभे राहून तुम्ही त्या शहाण्णव लाल गठ्ठ्यांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "वा." मग एकेचाळीस नंबरच्या गठ्ठ्याला प्रेमानं थोपटलंत. सोडून एकही पाहिला नाहीत, आणि मीही सोडा म्हणालो नाही. सत्काराच्या वेळी सरपंचांनी आणलेली शाल उंदरांनी खाल्लेली निघाली, तेव्हा शेवंतीनं महिला मंडळातर्फे नवी कोरी वाकळ पुढे केली. लुगड्यांचे वीतभर तुकडे, आडव्या बारा ओळी, ओळीत आठ, आणि उरलेलं कापड आत भरलेलं. ती जाड वाकळ खांद्यांवर पांघरून, मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता, तुम्ही फोटोसाठी हसत उभे राहिलात. कर्तव्यदक्ष अधिकारी कसा असतो ते गावानं त्या दिवशी पाहिलं. ताई लिहिते की पावसाळा लागल्यापासून तुम्ही ती रोज अंगावर घेता आणि गुडघ्याला तिचा गुण येतो.

त्यानंतर आमच्या दप्तराचं नाव झालं. आजूबाजूच्या पंचायतींचे सेक्रेटरी बघायला आले, उंबऱ्यावर उभे राहिले, 'वा' म्हणाले आणि कापडाच्या दुकानाचा पत्ता लिहून घेऊन गेले. चार पंचायतींचं दप्तर आता लाल झालं आहे. तिथं आधी काय होतं आणि ते कुठं गेलं, हे विचारण्याचं धाडस मला होत नाही. मधल्या काळात कागद कुणी मागितला नाही असं नाही. पण मी प्रत्येकाला सांगे की वर्गीकरण चालू आहे, पुढच्या आठवड्यात या, आणि प्रशस्तिपत्राकडे बघून माणसं समजूतदारपणे परत जात. भिकाजीला आत पाठवलं तर तो आत जाई, अख्खी विडी संपवी आणि रिकाम्या हातानं बाहेर येऊन उभा राही. मी त्याला एकदा म्हटलं, भिकाजी, तू आता म्हातारा झालास. हे मी म्हटलं, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

गेल्या मंगळवारी सकाळी यशोदा आली. तिची तुम्हाला ओळख नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तिचा नवरा विठ्ठल सुर्ल्याला खाणीवर खनिज भरायच्या कामाला होता. नवरा-बायको सावंतवाडीकडून सत्तर साली इथं आली, आणि आमच्या हद्दीत, खाणीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, जमिनीच्या मालकाला, म्हणजे भाटकाराला, विचारून त्यांनी मातीचं घर घातलं. विठ्ठल पाच वर्षांपूर्वी गेला. ती कारापूरला लोकांच्या शेतांवर जाते आणि त्याच घरात एकटी राहते. आता तो भाटकारही वारला, आणि त्याचे मुलगे म्हणतात की हे घर काल-परवाचं आहे, मोकळं करून द्या. मुंडकार म्हणून, म्हणजे भाटकाराच्या संमतीनं त्याच्या जमिनीत घर करून राहिलेली म्हणून, तिची नोंद व्हावी, यासाठी मामलेदारांकडे येत्या मंगळवारी, एकवीस तारखेला सुनावणी आहे. वकिलानं तिला एकच कागद आणायला सांगितलं आहे: एकाहत्तर साली पंचायतीनं तिच्या घराला नंबर दिला, त्या नोंदीची नक्कल. तो कागद समोर ठेवला की घर राहिलं. नाही ठेवला तर तिच्याकडे तोंडच्या शब्दाशिवाय काही नाही, आणि पलीकडच्यांनी वकील पणजीहून आणला आहे.

मी तिलाही पुढच्या आठवड्यात ये म्हणणार होतो, इतकी ती जिभेला सवय झालेली. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, प्रशस्तिपत्राकडेही नाही. सरळ मागे गेली, दप्तरखोलीच्या दारात उभी राहिली, मांडण्या वरपासून खालपर्यंत न्याहाळल्या, पुन्हा एकदा न्याहाळल्या, आणि वळून म्हणाली, "माझां लुगडां खंय गेलां?" मी तिला समजावू लागलो की बाई, ही पंचायत आहे, इथं लुगडी नसतात. तेव्हा भिकाजीनं, मी आल्यापासून नऊ महिन्यांत पहिल्यांदाच, मी न विचारता तोंड उघडलं.

त्याचं म्हणणं असं. पंचायत सुरू झाली तेव्हा कागद बांधायला वरून काही यायचं नाही. म्हणून त्यानं तेव्हाच रीत घातली की कागद ठेवायचा तर घरून फडकं आणा. एकेका वाड्यातलं एकेक घर लुगड्याचा तुकडा देई, त्या वाड्याचे कागद त्यात जात, आणि गठ्ठा भरला की पुढच्या गठ्ठ्याला दुसऱ्या घरचं लुगडं. कागद हवा असला की बाई दारात उभी राहून बोट दाखवी: तो, माझ्या सासूच्या लुगड्यातला. नाहीतर म्हणे, आमचा कागद वरच्या घरच्या डाळिंबीत आहे, माझ्या लग्नाच्या वर्षीचा. लिहिता-वाचता येणाऱ्या त्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. भिकाजीलाही येत नाही. (हे मला त्या दिवशी कळलं. रोज हजेरीवर जी सही तो करतो ती तो चित्र काढावं तशी काढतो.) वीस-बावीस वर्षं सेक्रेटरी आले आणि बदलून गेले, पण दप्तर गावातल्या बायकांना पाठ होतं. मी भिकाजीला म्हटलं, अरे मग मी सोडत होतो तेव्हा मला का नाही बोललास? तो म्हणाला, "तुमी विचारूंक ना." त्यात तक्रार नव्हती, विचारलं म्हणून त्यानं आपलं कारण सांगितलं.

भाऊजी, मला फार वाईट वाटलं. कागद मी हरवला नव्हता, जाळला नव्हता, कसरीला खाऊ दिला नव्हता. तो त्याच खोलीत, बहुधा माझ्या हातापासून चार पावलांवर आहे. मी फक्त तो सापडायची सोय काढून टाकली आणि त्याबद्दल टाळ्या घेतल्या. यशोदा मात्र रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं की मग आता कसं शोधायचं, आणि पदर खोचून खाली बसली. तिला वाटलं, शिकलेला माणूस आहे, दुसरी काही युक्ती ठेवली असणार.

युक्ती एकच होती. आम्ही तिघं गठ्ठे सोडायला बसलो. एकेका गठ्ठ्यात तीनचारशे कागद, पावसाळी हवेनं एकमेकांना चिकटलेले, घाई केली तर फाटतात. घरांच्या नोंदी सुट्या कागदांवर, आणि त्यांच्यात त्या वाड्यातलं बाकी सगळं मिसळलेलं. पण काय काय वाचलं म्हणून सांगू. अडुसष्ट सालची तक्रार, की शेजाऱ्याचा फणस मुद्दाम आपल्या बाजूला कलतो. चौऱ्याहत्तरचा अर्ज, की शाळेची घंटा जरा हळू वाजवावी, बैल बिचकतात. जहाजावर गेलेल्या एका माणसाच्या पत्रात तर मागणी अशी काहीच नाही, नुसतं 'मी खुशाल आहे, पंचायतीस कळावे', आणि खाली त्या वेळच्या सेक्रेटरीचा शेरा, 'कळले'. मी दिवाळीपासून या गावात राहतो, पण गावाची आणि माझी खरी ओळख या चार दिवसांत झाली, आणि खरं सांगतो, कामाचा असा आनंद मला आजवर कधी झाला नव्हता. तो आनंद पुरता घेता येत नाही त्याचं कारण यशोदा. ती शेतावरचं काम सोडून रोज माझ्यासमोर बसते आणि एकेक पान दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे ती पानाकडे बघत नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघते. आज दुपारपर्यंत चौदा गठ्ठे झाले. उरले ब्याऐंशी. या वेगानं चवथ येईल, गणपती पाण्यात पोचवून होतील आणि तरी आम्ही मधल्या मांडणीतच असू.

काल संध्याकाळी शेवंती भिकाजीला जेवायला बोलवायला आली. आम्हा तिघांना कागदांत बुडालेलं पाहून तिनं काय शोधता म्हणून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी जशीं उडयलीं, तशींच हांवें शिवलीं." मला आधी काही समजेना. मग तिनं फोड करून सांगितलं. वरचा वाडा आणि खालचा वाडा यांचं विहिरीवरून वाकडं आहे, आणि एका वाड्याचं लुगडं दुसऱ्याच्या मधेच शिवलेलं दिसलं असतं तर महिला मंडळ तिथंच मोडलं असतं. मांडणीवर वाडे आपापल्या जागी होते, म्हणून ढिगाचा क्रम तिनं जराही हलवला नाही. धुतानाही नाही, वाळवतानाही नाही. ढिगात सगळ्यात वर जो तुकडा, तो पहिला शिवला. आता ढिगात सगळ्यात वर कोण? मी सगळ्यात शेवटी सोडलेला. म्हणजे पहिला तुकडा शहाण्णव नंबरच्या गठ्ठ्याचा आणि शेवटचा एक नंबरचा. तुकडा कितवा ते मोजायचं, सत्त्याण्णवातून वजा करायचं, गठ्ठ्याचा नंबर हजर. मी कागदावर तीनदा करून पाहिलं, तीनदा बरोबर आलं. भाऊजी, मी जी यादी 'नंतर सावकाश' करणार होतो ती एका बाईनं मे महिन्यातच करून ठेवली आहे, आणि ती तुम्ही रोज अंगावर घेता.

यशोदाचा तुकडा कितवा हे मात्र शेवंतीला सांगता येत नाही. वाड्यांतल्या घरांचे तुकडे ती डोळे मिटून सांगते, पण खाणीच्या रस्त्यावरची घरं बाहेरून आलेल्यांची, ती कुठल्याच वाड्यात धरत नाहीत, त्यांचे गठ्ठे भिकाजीनं जागा सापडेल तिथं सारलेले. लुगडं हिरवं होतं एवढं तिला आठवतं. वाकळीत हिरवे तुकडे अकरा आहेत.

असो. हे सारं तुम्हाला सहज कळवावं म्हणून लिहिलं, काही मागणं नाही. मी इथं सुखात आहे. भिकाजीला मी म्हातारा म्हटलं होतं ते काल परत घेतलं, आणि त्यानं मला एक विडी देऊ केली. (ओढली नाही, ताईला सांगा.) गुडघ्याला तेल लावत जा. ताईला नमस्कार. पत्र लांबलं, त्यात अधिक-उणं काही लिहून गेलो असेन तर मेहुणा म्हणून पोटात घाला.

आपला,
सगुण

ता. क. वाकळ दोन दिवसांसाठी पाठवा असं लिहिणार होतो, पण घरात आलेली वस्तू ताई उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही हे लहानपणापासून जाणतो, आणि तुमची झोप मोडणंही बरं नव्हे. ती तुमच्याकडेच राहू दे. फक्त जमिनीवर पुरती अंथरा. ज्या कोपऱ्याला काळ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत तो पहिला तुकडा. तिथून आडवं मोजायचं, ओळ संपली की पुढची ओळ पुन्हा त्याच बाजूनं. तुकडा कितवा तेवढा आकडा चिठ्ठीवर लिहून द्या. वजाबाकी मी इथं करीन, तुम्ही करू नका. सोमवारी सकाळी गठ्ठा सोडला की दुपारपर्यंत नक्कल तयार होईल.

ता. क. दुसरा. प्रशस्तिपत्र फ्रेमसकट परत पाठवत आहे. लाल फडक्यात बांधलं आहे, नंबर घातलेला नाही. त्यावर तुम्हाला जो शेरा मारायचा तो मारा, मी रागावणार नाही. सुनावणी झाली की मी आणि भिकाजी घरोघर फडकी मागायला निघणार आहोत, आणि या वेळी बायका जे सांगतील ते मी वहीत लिहूनही घेणार आहे. हा परिपत्रकाचा भंग आहे हे मला मान्य आहे, मेमो पाठवायचा तर अवश्य पाठवा. तो बांधून ठेवायला ताईच्या एखाद्या जुन्या लुगड्याचा तुकडाही सोबत द्या. माझं इथं घर नाही, आणि शेवंती म्हणते, घरचं फडकं नसेल तर कागद ठेवायचा कशात?

ता. क. तिसरा आणि शेवटचा. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अकरा हिरव्यांतला कुठला हे तुम्हाला ओळखता येणार नाही आणि ताईलाही नाही. ते लुगडं लग्नातलं होतं आणि त्यावरची रफू जिनं केली तिलाच ती कळेल. म्हणून पत्र घेऊन यशोदाच आली आहे. रविवारी तुम्ही घरी असता हे मी तिला सांगितलं होतं. पहाटेच्या पहिल्या बसनं निघून, डिचोलीला आणि म्हापशाला गाडी बदलून, वाटेत काही न खाता आली असणार. भाऊजी, पत्र हातात पडलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही मान वर करत नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते इतकं लांब व्हायला नको होतं हे मला आता, पत्राच्या टोकाला येऊन सुचतं आहे. तेवढा सगळा वेळ ती तुमच्या दारात उभी आहे. बसा म्हटल्याशिवाय ती बसायची नाही. तिला आत बोलवा.